परिवहन आयुक्तांना खुले पत्र : जुन्या जिप्सीचं इंजिन लपून नव्हे, नोंदवून बदलू द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कार्बोरेटरच्या मारुती जिप्सी किंगमध्ये एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन बसवण्यासाठी सर्व आरटीओंना एकच कार्यपद्धती घालून देण्याबाबत

महोदय,

जिप्सी बंद होऊन काही वर्षं झाली, पण ताडोबा, पेंच, मेळघाटच्या जंगलात, सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांवर आणि कितीतरी घरांच्या अंगणात ती अजून चालते. तिची चेसिस, लीफ स्प्रिंग आणि दोन्ही अॅक्सल पंचवीस वर्षांनीही कामाचे राहतात. थकतं ते इंजिन, आणि त्याच्याही आधी कार्बोरेटर. त्याचे चांगले सुटे भाग मिळेनासे झालेत. नकली किट टाकलं की गाडी सकाळी चोक मागते, दुपारी पेट्रोलचा वास मारते आणि घाटात काळा धूर सोडते. अशा वेळी मालक गॅरेजवाल्याला विचारतो, "मारुती एस्टीमचं इंजिन बसेल का?" बसतं. राज्यभर बसवलं जातं. फक्त त्यातली बरीच कामं तुमच्या दप्तरी नाहीत.

नोंद टाळायची म्हणजे काय करतात, हे तुमच्या निरीक्षकांना ठाऊक आहे. नव्या ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने घासायचा आणि आरसीवरचा जुना नंबर पंचाने ठोकायचा. एकदा हे झालं की इंजिन चोरीचं होतं की रीतसर भंगारात निघालेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर नंबरवर खडू फिरवतो आणि दावा तिथेच अडकतो. ज्याने नंबर न घासता इंजिन बसवलं, त्याची अडचण वेगळीच. त्याला एका कार्यालयात "बिल आणा, नोंद करू" असं सांगतात आणि दुसऱ्यात "हे होतच नाही" म्हणून परत पाठवतात.

कायदा आम्ही वाचलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यातलं काही शिथिल करा असं आम्ही म्हणत नाही. आमचा मुद्दा कलम ५२ च्याच चौकटीतला आहे.

जिप्सी किंग १९९६ मध्ये आली ती १२९८ सीसीचं, आठ व्हॉल्व्हचं कार्बोरेटर इंजिन घेऊन. ताकद ६० बीएचपी. २००० मध्ये कंपनीनेच त्याच गाडीत जी१३बीबी हे सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन दिलं. सीसी तीच, ताकद ८० बीएचपी. गाडीचं नाव तेच राहिलं, पाच गिअरचा बॉक्सही राहिला. म्हणजे १९९८ च्या किंगमध्ये जी१३बीबी बसवणारा माणूस निर्मात्याच्या तपशिलाबाहेर जात नाही. कंपनीने दोन वर्षांनी जे केलं तेच तो करतो. इंधन, सीसी, सिलिंडर आणि आसनक्षमता, चारही रकाने जसेच्या तसे राहतात. बदलतो तो इंजिन नंबर, आणि ताकद. सीएनजी किटला मंजुरीची रीत आहे. इंजिन काढून टाकून विजेची मोटर बसवायची तर त्यालाही एआयएस-१२३ या वाहन-मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त किटची वाट आहे. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, कमी धूर सोडणारं पेट्रोल इंजिन बसवणाऱ्यालाच तेवढी रांग सापडत नाही.

आता हे काम नेमकं काय असतं ते सविस्तर लिहितो, कारण निरीक्षकाने कुठे बोट ठेवायचं हे त्यावरूनच ठरणार आहे.

जी१३बीबी मिळवायचं तर अख्खी एमपीएफआय जिप्सी भंगारात सापडणं दुर्मीळ. म्हणून हेच इंजिन असलेल्या मारुतीच्याच एस्टीम किंवा व्हर्सामधलं घेतात. घेण्याआधी कॉम्प्रेशन मोजलंच पाहिजे. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली, अशा स्थितीत चांगल्या इंजिनात १४ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास दाब येतो. १२ च्या खाली आलं, किंवा कोणत्याही दोन सिलिंडरांत एका किलोपेक्षा जास्त फरक दिसला, तर ते इंजिन तिथेच सोडावं. विकणारा सेल्फ मारून "बघा, आवाज बघा" म्हणतो. आवाजावरून रिंगा कळत नाहीत.

एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. इथून पुढची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. ब्लॉक एकाच घराण्याचा असल्याने किंगच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग बोल्टाला बोल्ट जुळतं. त्यामुळे नवशिक्या मिस्त्रीला काम झाल्यासारखं वाटतं. खरी कामं त्यानंतर निघतात.

पहिलं काम चेंबरचं. एस्टीमचं ऑइल चेंबर पुढच्या अॅक्सलच्या वाटेत येतं. गाडी खड्ड्यात आपटली आणि अॅक्सल वर उचलला गेला की डिफरन्शियलचा गोळा चेंबरला धडकतो. म्हणून चेंबर जिप्सीचंच हवं. इथे जो घोटाळा होतो तो इंजिन मारणारा आहे. चेंबर बदलतात आणि आतली ऑइल ओढणारी जाळी एस्टीमचीच ठेवतात. जाळीचं तोंड चेंबरच्या खोल भागात न पोचता वरच राहतं. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढावर तेल मागे सरकलं की पंप हवा ओढतो, क्षणभर ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि काही महिन्यांत कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगा वाजायला लागतात. चेंबर, जाळी आणि डिपस्टिक हे त्रिकूट एकाच गाडीचं असलं पाहिजे. डिपस्टिक चुकीची असेल तर तेल कमी असूनही खूण बरोबर दाखवते.

दुसरं, फ्लायव्हील. आडव्या इंजिनात गिअरबॉक्सचा शाफ्ट स्वतःच्या दोन बेअरिंगांवर फिरतो. जिप्सीच्या लांब इनपुट शाफ्टच्या टोकाला मात्र आधार लागतो आणि तो फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग देतं. म्हणून फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट जिप्सीची, पायलट बेअरिंग नवं. हे विसरलं तर शाफ्ट डगमगतो, क्लच दाबल्यावर कुरकुर येते, गिअर निसटतात, आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या माथी जातो. सेल्फही जिप्सीचाच ठेवावा.

फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चेसिसवर धरणारे, कंस जुन्या ब्लॉकवरून काढून नव्यावर चढवायचे, रबरं नवी घालायची. चेसिसवर वेल्डिंगचा एक ठिपकाही लागत नाही. याचा उलटा अर्थ निरीक्षकाने घ्यावा : किंगमध्ये चेसिस कापलेली किंवा नवी पट्टी वेल्ड केलेली दिसली, तर आत जी१३बीबी नसून दुसरंच काही कोंबलेलं आहे.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि क्रँकची पुढची-मागची ऑइल सील बदलून घ्यावीत. वॉटर बॉडी जिप्सीची असेल तरच पुढे पंखा बसतो. एस्टीमची ठेवली तर रेडिएटरवर विजेचा पंखा, त्याला वेगळा रिले आणि फ्यूज लागतो. रेडिएटर जुनाच वापरायचा असेल तर आधी तो धुऊन, दाब देऊन तपासावा. अर्धा चोंदलेला रेडिएटर ६० बीएचपीला कसाबसा पुरत होता, ८० ला पुरणार नाही.

तिसरं काम पेट्रोलचं, आणि आमच्या मते तपासणीचा निम्मा वेळ इथे गेला पाहिजे. कार्बोरेटरचा यांत्रिक पंप पाव किलोच्या आसपास दाब देतो. एमपीएफआयला अडीच ते तीन किलो लागतो, म्हणजे साधारण दहापट. जुनी रबरी नळी आणि साधी पत्र्याची क्लिप हा दाब काही दिवस सोसते, मग नळी फुगते, क्लिपखालून झिरपते, आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. नळी इंजेक्शनसाठीचीच हवी. तिच्यावर एसएई ३०आर९ असं छापलेलं असतं आणि ते बोनेट उघडून वाचता येतं. टाकी एमपीएफआय जिप्सीची घालणं सर्वांत बरं, कारण पंप टाकीच्या आत बसतो. स्वस्तात करायचं म्हणून चेसिसवर बाहेरून पंप लावणारे आहेत. तो दाब देतो, पण ओढायला नाखूष असतो. उन्हाळ्यात टाकी अर्ध्यावर आली की गाडी मिसिंग करते.

या पंपाची वायर कुठून आली आहे, यावर माणसाचा जीव अवलंबून आहे. मूळ रचनेत पंपाचा रिले ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, ताब्यात असतो. चावी फिरवली की पंप दोनतीन सेकंद गुणगुणतो आणि गप्प होतो. इंजिन फिरायला लागलं की पुन्हा सुरू होतो. इंजिन कोणत्याही कारणाने थांबलं की ईसीयू पंपही थांबवतो. वायरिंग सोडवायचा कंटाळा आलेला इलेक्ट्रिशियन काय करतो, तर पंपाला चावीवरून सरळ करंट देतो. गाडी झकास चालते. पण अपघातात इंजिन बंद पडलं, नळी तुटली आणि चावी चालूच राहिली, तर तो पंप तीन किलोच्या दाबाने रस्त्यावर पेट्रोल ओतत राहतो. हे पकडायला यंत्र लागत नाही. निरीक्षकाने मागच्या सीटजवळ कान लावावा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावं. सेल्फ न मारता पंप तीन सेकंदांनंतरही वाजत राहिला, तर गाडी नापास.

वायरिंगबद्दल एवढंच सांगतो : इंजिन, ईसीयू, वायरिंग आणि चावी ज्या गाडीची त्याच गाडीची, एकत्र घ्यावी. डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनाला कॉइलवाल्या इंजिनाचं वायरिंग चालत नाही. इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं कुलूप) असलेल्या गाडीचा ईसीयू त्याच्या डब्याशिवाय आणि चावीशिवाय आणला, तर सेल्फ फिरत राहतो, इंजिन सुरू होत नाही, आणि मग जोड्या तोडून "बायपास" सुरू होतो. ईसीयूच्या अर्थिंगच्या वायरी इंजिनावर स्वच्छ धातूला कसल्या पाहिजेत. इंजिन ते चेसिस ही जाड पट्टी विसरली तर सेन्सरांची रीडिंग हलतात आणि गाडी रोज वेगळं दुखणं दाखवते. स्पीड सेन्सर जोडलेला नसला तर सिग्नलजवळ येताना रेस सोडली की इंजिन बंद पडतं, कारण गाडी चालते आहे हे ईसीयूला कळतच नाही. त्यासाठी एमपीएफआय जिप्सीचा मीटर सेन्सरसकट घ्यावा. यावर उपाय म्हणून आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्या पीयूसीला येतात तेव्हा १२०० आरपीएमवर घोंघावत असतात.

चेक इंजिनचा दिवा चावी दिल्यावर लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब काढलेला आहे. ही युक्ती फार जुनी आहे. या पिढीच्या मारुतीत निदानाचं टोक अर्थला जोडलं की दिवा उघडझाप करून कोड सांगतो. एक आणि दोन, म्हणजे १२, आला की सगळं ठीक.

ब्रेकवर कुणी बोलत नाही, कारण तिथे पैसे घातलेले दिसत नाहीत. एमपीएफआय जिप्सीला ब्रेक बूस्टर आहे. ज्या जुन्या किंगला तो नाही, तिला ८० बीएचपी देण्याआधी बूस्टर आणि त्याच्या जोडीचा मास्टर सिलिंडर बसलाच पाहिजे. बूस्टरची व्हॅक्यूम नळी इनटेक मॅनिफोल्डवरून येते आणि तिच्यात एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो उलटा बसवला तर पेडल दगडासारखं लागतं. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबावं, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतो.

राहता राहिला धूर. इथे आमची मागणी थोडी विचित्र वाटेल : आमच्यावर कडक मर्यादा लावा. केंद्रीय मोटार वाहन नियम ११५ प्रमाणे भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. स्टेज-२ आणि ३ च्या गाडीला मर्यादा आहे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. आज १९९८ च्या किंगमध्ये इंजेक्शनचं इंजिन घातलं तरी पीयूसी केंद्र आरसीचं वर्ष पाहून जुनीच मर्यादा लावतं. त्यामुळे ऑक्सिजन सेन्सर न जोडता, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विकून टाकून नुसता पाइप लावलेली गाडीही पास होते. इंजिन ज्या मानकाचं, मर्यादाही त्याच मानकाची, असं एक वाक्य परिपत्रकात आलं तर कन्व्हर्टर आपोआप जागेवर राहील. जुन्या एक्झॉस्टला सेन्सरसाठी आटे नसतात. ते कन्व्हर्टरच्या आधी वेल्ड करून घ्यावे लागतात. हे वेल्डिंग मात्र रास्त आहे.

काय मान्य करू नये, हेही लिहितो. ९७० सीसीची जुनी जिप्सी ४१० या सोप्या वाटेने जाऊ देऊ नये. तिची ४५ बीएचपीची रचना वेगळी आणि गिअरबॉक्स चार गिअरचा. जी१३बीबी बसवायचं तर किंगचा गिअरबॉक्स, बदललेल्या मापाचा मधला प्रोपेलर शाफ्ट आणि पुढे ड्रम असतील तर डिस्क, एवढं सगळं बदलावं लागतं. डिझेल इंजिन तर मुळीच नको. इंधन बदलतं, पुढच्या अॅक्सलवरचं वजन वाढतं, आणि निर्मात्याने जिप्सीला ते कधी दिलेलं नाही. ज्यांना असलं काही करायचंच आहे त्यांनी पुण्यातल्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्थेचा चाचणी अहवाल आणावा. आमच्यातल्याच काहींना हे पटणार नाही. पण "काहीही बसवू द्या" अशी मागणी घेऊन गेलं तर काहीच मिळणार नाही, आणि मिळूही नये.

कागदपत्रांसाठी आमचा प्रस्ताव असा. कामाआधी अर्ज, त्यासोबत दाता गाडीची (जिच्यातून इंजिन काढलं तिची) नोंदणी कलम ५५ खाली रद्द झाल्याचा पुरावा, इंजिन विकणाऱ्याचं नंबरासकट बिल आणि एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय या यंत्रणेतून इंजिन चोरीचं नसल्याचा दाखला. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र. पूर्वमंजुरीनंतर काम, आणि झाल्यापासून चौदा दिवसांत गाडी निरीक्षकासमोर. नंबर घासलेला दिसला तर फेरतपासणीची संधीही देऊ नका. जुन्या इंजिनाचा ब्लॉक तपासणीला सोबत आणायला सांगा आणि त्याच्या नंबरावर निरीक्षकासमोरच आडवी खाच मारून घ्या, म्हणजे तो नंबर दुसऱ्या गाडीवर उगवणार नाही. नव्या इंजिनाची नोंद झाली की मालकाने ती विमा कंपनीला कळवायची.

हे सगळं करून काम बजेटमध्ये बसतं का, असा प्रश्न येईल. बसतं, पण पैसे योग्य जागी गेले तर. जुनं चालेल ते इंजिन, ईसीयू, वायरिंग, टाकी, चेंबर आणि फ्लायव्हील. नवंच हवं ते क्लच प्लेट, पायलट बेअरिंग, फाउंडेशनची रबरं, टायमिंग बेल्ट, सील, पेट्रोलच्या नळ्या आणि ब्रेकची रबरं. कुर्ल्याच्या भंगारात पहिली यादी मिळते, दुसरी पुण्याच्या नाना पेठेतल्यासारख्या सुट्या भागांच्या दुकानांत. मालक हात आखडता घेतो तो नेहमी दुसऱ्या यादीत, कारण त्या वस्तू बसल्यावर दिसत नाहीत. निरीक्षकाने दुसऱ्या यादीची बिलं मागितली तर गॅरेजवाल्यालाही मालकाला सांगायला तोंड मिळेल.

पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं शुल्क आणि पर्यावरण कर मालक आजही भरतो. इंजिन बदलाच्या तपासणीचं शुल्क त्यावर वेगळं लावा, आमची हरकत नाही. फक्त ते सर्व कार्यालयांत सारखं असावं आणि अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं, नकार असला तरी कारणासकट. व्हिंटेज गाड्यांच्या नियमाकडे बोट दाखवू नये, ही विनंती. त्याला पन्नास वर्षं आणि मूळ रूप लागतं, आणि पहिली जिप्सी डिसेंबर १९८५ ची आहे.

कार्यपद्धतीचा मसुदा करताना एक कार्बोरेटरची किंग आणि एक एमपीएफआय बसवलेली किंग, दोन्ही बोनेट उघडून शेजारी शेजारी निरीक्षकांना दाखवण्याची आमची तयारी आहे. वर लिहिलेली पंपाची, दिव्याची आणि पेडलची तपासणी तिथेच करून पाहता येईल. दिवस आणि जागा आपण कळवावी.

आपले,
जिप्सीवर काम करणारे मेकॅनिक, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि जिप्सीमालक

प्रत : सर्व प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, माहितीसाठी